गृहप्रवेश झाला, मीटर कोणाच्या नावावर?

नवे घर घेताना आपण मुहूर्त पाहतो, पाहुण्यांची यादी करतो, खरेदीखतातील शब्दन् शब्द वकिलांकडून तपासून घेतो. मात्र जिन्याखाली मुकाट्याने फिरणारा विजेचा मीटर कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न त्या गडबडीत सहसा कोणास सुचत नाही.

आमच्याच घरचा अनुभव सांगतो. थोरल्या बंधूंनी एक जुने घर विकत घेतले. वीजबिल पूर्वीच्या मालकाच्या नावे येत असे आणि आम्ही ते वेळेवर भरत असू. चौथ्या उन्हाळ्यात आजारी आईच्या खोलीत एसी बसवायचा ठरले. त्यासाठी मंजूर भार वाढवून मिळावा म्हणून अर्ज केला, तेव्हा उत्तर आले, "मूळ ग्राहकाची सही आणा." ते गृहस्थ तर केव्हाच गाव सोडून गेले होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चार वर्षे पैसे आपण भरले आणि ग्राहक मात्र ते?" अखेर खरेदीखत, सूची क्रमांक दोन आणि भरलेले शेवटचे बिल जोडून नाव बदलून घेतले, पण तोपर्यंत पाऊस सुरू झाला होता. आईने तो उन्हाळा ओल्या पडद्यांवर काढला.

आमचे नुकसान एका उन्हाळ्यापुरते होते. मागील मालकाची थकबाकी असती, तर प्रकरण अधिक जड गेले असते. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2023 रोजी दिलेल्या निकालानुसार, वीज नियमांत तशी तरतूद असल्यास जुन्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नव्या मालकास जोडणी नाकारता येते. म्हणून बयाणा देण्यापूर्वीच विक्रेत्याकडून भरलेले शेवटचे बिल मागावे आणि थकबाकी नसल्याची खातरजमा करावी. ताब्याच्या दिवशी मीटरचे रीडिंग ताबापावतीवर लिहून उभयतांनी सह्या कराव्यात व मीटरचे छायाचित्रही ठेवावे. वीज कंपनीकडे असलेल्या अनामत रकमेचा हिशेब त्याच बैठकीत मिटवावा. या अनामतीवर कायद्याने व्याज मिळते. मात्र ते ज्याच्या नावावर जोडणी, त्याच्याच खाती जमा होते.

व्यापारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घरगुती दराच्या मीटरवर दुकानाचे पॅकिंग, शिवणकाम किंवा कार्यालय चालविणे हा वीज अधिनियम 2003 च्या कलम 126 अन्वये अनधिकृत वापर ठरू शकतो. तसे ठरल्यास लागू होणाऱ्या वर्गाच्या दुप्पट दराने आकारणी होते; वापर केव्हापासून सुरू झाला हे निश्चित करता न आल्यास तपासणीपूर्वीचे बारा महिने धरले जातात. स्वतंत्र व्यापारी मीटरचा खर्च त्यापुढे किरकोळच म्हणावा लागेल.

बिल अवाजवी वाटल्यास घाबरून जाऊ नये आणि रागाने भरणेही थांबवू नये. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मागणी केलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरल्यास वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. कंपनीकडून समाधान न झाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल, असा मार्ग कायद्यानेच आखून दिला आहे.

स्वयंपाकाच्या गॅसचेही तसेच. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर व रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे परत करून त्याची पावती घ्यावी. नव्या गावी तीच कामी येते.

आपण पै-पैची किर्द लिहिणारी माणसे. खतावणीत एखादे नाव चुकले, तर रात्री झोप लागत नाही. मग घरच्या दिव्याचे खाते परक्याच्या नावे वर्षानुवर्षे कसे चालू द्यायचे? या रविवारी घरातील वीजबिल हाती घ्यावे आणि त्यावरील नाव एकदा वाचून पाहावे.