नवा फोन की नवी बॅटरी?
भाजीवाल्याचे पैसे चुकते करण्याच्या ऐन क्षणी, पडद्यावर ३० टक्के शिल्लक दिसत असतानाही, जो फोन अकस्मात मान टाकतो, तो मोडीत काढण्यापूर्वी त्याच्या बॅटरीची उरलेली क्षमता अवश्य तपासून घ्यावी. कारण लिथियम-आयन बॅटरीचा ऱ्हास हा तिचा रासायनिक धर्मच असून, आयफोन १४ची बॅटरी आदर्श परिस्थितीत ५०० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरावी, अशीच तिची योजना आहे. अशा फोनला नवी बॅटरी बसविणे हाच, माझ्या मते, न्याय्य निवाडा होय. मात्र सुरक्षा-अपडेटची मुदत संपली असेल आणि बँकेचे व्यवहार त्याच फोनवर होत असतील, तर नवा फोन घेण्यास विलंब मुळीच करू नये. २०२३च्या पिक्सेल ८ला आणि २०२४च्या गॅलेक्सी एस२४ला ही मुदत ७ वर्षांची दिलेली आहे.