एकच शब्द येणारा मुलगा

१९७८ साली तैवानमधून दहा वर्षांचा एक मुलगा अमेरिकेत आला. त्याला इंग्रजीतला एकच शब्द येत होता – ‘शू’. हसू नका! इंग्रजीत शू म्हणजे बूट. तो दोन वर्षांचा असतानाच त्याचे वडील वारले होते. आई तैवानमध्ये इंग्रजी आणि नाटक शिकवायची. आई, आजी, धाकटा भाऊ आणि हा असे चौघं कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात राहू लागले. शाळेत सुरुवातीला मुलं त्याची टर उडवायची. पण गणिताला कुठे भाषा लागते? तिथे पठ्ठ्या पुढे! आणि तीन वर्षांत इंग्रजीच्याही हुशार मुलांच्या वर्गात जाऊन बसला.

या मुलाचं नाव जेरी यांग. तुमच्या आईबाबांनी आपलं पहिलं ई-मेल खातं कदाचित ‘याहू’वर उघडलं असेल. विचारून पाहा. ती याहू कंपनी याची आणि याच्या मित्राची.

मित्राचं नाव डेव्हिड फायलो. जेरी बोलका, तर डेव्हिड अगदी अबोल. दोघंही स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीत पीएच.डी. करत होते, म्हणजे, करायला हवी होती! विद्यापीठाच्या आवारात एका ट्रेलरमध्ये त्यांची खोली होती. मार्गदर्शक प्राध्यापक रजेवर परदेशी गेलेले. मग काय, प्रबंध राहिला बाजूला आणि दोघं इंटरनेटवर भटकू लागले.

१९९४ साली वर्ल्ड वाईड वेब अगदी नवं होतं. कल्पना करा, एका वाचनालयात रोज शेकडो पुस्तकं येऊन पडताहेत, पण ना कपाटं, ना यादी. हवं ते पुस्तक सापडणार कसं? या दोघांनी आपल्याला आवडलेल्या वेबसाईट्सची यादी करायला घेतली. खेळ, विज्ञान, कला असे कप्पे केले. कप्पा भरला की त्यात आणखी छोटे कप्पे. प्रत्येक साईट स्वतः पाहायची आणि योग्य जागी ठेवायची. हे काम यंत्र नव्हे, माणसं करत होती. यादी जेरीच्या संगणकावर असायची आणि ती शोधून देणारा प्रोग्रॅम डेव्हिडच्या. त्या संगणकांची नावं होती ‘आकेबोनो’ आणि ‘कोनिशिकी’. दोघांना जपानी सुमो कुस्तीचं वेड, म्हणून पैलवानांची नावं!

त्याच वर्षी एका दिवसात यादीची पानं दहा लाख वेळा उघडली गेली. विद्यापीठाचे संगणक धापा टाकायला लागले आणि ‘आता तुमचं बिऱ्हाड दुसरीकडे हलवा’ असं सांगण्यात आलं. मार्च १९९५ मध्ये कंपनी झाली. सेक्वोया या गुंतवणूक कंपनीने भांडवल दिलं. पीएच.डी. मात्र कायमची राहिली. १२ एप्रिल १९९६ रोजी याहूचे शेअर बाजारात आले. तेरा डॉलरचा शेअर संध्याकाळी तेहतीसवर बंद झाला. जेमतेम पन्नास माणसांची कंपनी, आणि किंमत सुमारे ८५ कोटी डॉलर!

इथे गोष्ट संपली असती तर परीकथाच झाली असती. पण पुढचं ऐका. वेबसाईट्स इतक्या वाढल्या की हाताने यादी करणं अशक्य झालं. २००० साली याहूने शोधाचं काम एका छोट्या कंपनीला दिलं. तिचं नाव गूगल. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

चीनमध्ये त्याहून गंभीर गोष्ट घडली. याहूच्या तिथल्या शाखेने सरकारला ई-मेलची माहिती दिली आणि २००५ साली शी ताओ या पत्रकाराला दहा वर्षांची शिक्षा झाली. २००७ मध्ये अमेरिकेच्या संसदेत चौकशी झाली, तेव्हा जेरी यांग त्या पत्रकाराच्या आईसमोर कमरेत वाकला आणि त्याने माफी मागितली. आईबाबा, हा प्रसंग मुलांना जरूर समजावून सांगा. आपली पत्रं ज्याच्या हाती असतात, त्याची जबाबदारी किती मोठी!

२००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने याहू विकत घेण्यासाठी ४,४६० कोटी डॉलर देऊ केले. जेरी तेव्हा कंपनीचा प्रमुख होता. आपल्या कंपनीचं मोल याहून जास्त आहे, असं म्हणून तो अडून बसला. बोलणी फिसकटली, शेअर घसरला, भागधारक खवळले. २००९ च्या सुरुवातीला त्याला प्रमुखपद सोडावं लागलं आणि २०१२ मध्ये कंपनीही. २०१७ मध्ये याहूचा मूळ व्यवसाय विकला गेला, तो त्या रकमेच्या जेमतेम दहाव्या हिश्शात.

मग जेरीचं सगळंच चुकलं का? छे! १९९७ मध्ये चीनची भिंत पाहायला तो गेला होता, तेव्हा ती दाखवायला सरकारी खात्यातला एक माणूस सोबत होता. नाव जॅक मा. पुढे त्याने अलीबाबा ही कंपनी काढली. २००५ मध्ये जेरीच्या पुढाकाराने याहूने तिच्यात १०० कोटी डॉलर घातले. २०१२ मध्ये त्यातला जवळजवळ निम्माच हिस्सा विकला, तरी सातशे कोटींहून जास्त डॉलर आले!

याहू सोडल्यावर जेरीने हाच उद्योग धरला: नव्या मुलांच्या नव्या कंपन्यांना सुरुवातीलाच पैसे द्यायचे. २०१३ मध्ये त्याने अशाच एका फारशा कुणाला माहीत नसलेल्या कंपनीत पैसे गुंतवले. लोकांना संगणकावर एकमेकांचे चेहरे दाखवणारी ती कंपनी. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी शाळांचे वर्ग तिच्यावरच भरले. ओळखलीत ना? झूम!