आफ्रिकेतील भूत-चेटूक समजुती : ख्रिस्ती व इस्लामी शिकवण

दक्षिण सुदान, काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या देशांत आझांदे जमातीची वस्ती आहे. तेथे लोक धान्याच्या उंच कोठाराखाली सावलीला बसतात. वाळवीने खांब पोखरलेले एखादे कोठार कोसळते व माणसे जखमी होतात. वाळवीचे कारण आझांदे लोकांना ठाऊक असते. परंतु ‘नेमके याच क्षणी, याच माणसांवर का?’ या प्रश्नाला त्यांचे उत्तर असते : चेटूक. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ साली आपल्या ग्रंथात हे मांडले. दुःखाचे कारण शोधणारे मन असे शेजाऱ्याकडे बोट दाखवू लागते.

ख्रिस्ती शिकवण

पवित्र शास्त्र दुष्टात्म्यांचे अस्तित्व नाकारीत नाही. प्रभू येशूने भूतग्रस्तांना मुक्त केले. मात्र जन्मांधाला पाहून ‘पाप कोणाचे?’ असे शिष्यांनी विचारताच प्रभूने त्यालाही दोष दिला नाही आणि त्याच्या आईबापांनाही नाही (योहान ९). ख्रिस्तसभा जादूटोणा निषिद्ध मानते. भूतबाधा निवारणाचा अधिकृत विधी धर्मगुरूंनाही बिशपांच्या स्पष्ट अनुमतीविना करता येत नाही.

इस्लामी शिकवण

कुराणात जिन्नांच्या नावाची एक स्वतंत्र सूरह आहे. जादू शिकविणे तेथे निंद्य ठरविले असून, अल्लाहच्या अनुज्ञेविना जादूगार कोणाचीही हानी करू शकत नाही, असे सांगितले आहे. पश्चिम आफ्रिकेतील हौसा समाजात मालम म्हणजे धर्मपंडित लाकडी पाटीवर आयती लिहितात आणि ती शाई धुऊन रुग्णाला पाजली जाते. अंगात आणण्याच्या ‘बोरी’ पंथाला मात्र धर्मनिष्ठ मुस्लिमांचा विरोध आहे.

निष्पापांचा बळी

दोन्ही धर्म अदृश्य शक्ती मानतात, पण त्या परमेश्वराच्या सत्तेखालीच आहेत, असेही शिकवितात. तरीही भीतीपोटी दुबळ्यांवर आळ येतो. उत्तर घानात गांबागा येथे चेटकीण ठरवून गावाबाहेर काढलेल्या स्त्रियांनी आश्रय घेतला आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २१ मार्च २००९ रोजी अंगोलातील लुआंडा येथे, रस्त्यावरील मुलांना आणि वृद्धांनाही चेटके ठरविले जाते, याबद्दल व्यथा व्यक्त केली. अशा भयग्रस्तांना पुनरुत्थित ख्रिस्ताची सुवार्ता सांगा, असे त्यांनी आवाहन केले. २०२१ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनेही अशा आरोपांतून होणाऱ्या छळाविरुद्ध ठराव केला.

सैतानाला नाकारणे हे आपल्या बाप्तिस्म्याचे वचन आहे. शेजाऱ्याला सैतान ठरविण्याचा अधिकार ते वचन कोणालाही देत नाही.