कॉम्प्रेसरमध्ये कूलंट नेमकं किती टाकायचं? कमी पडलं तर मशीन ट्रिप, जास्त झालं तर हवेत तेल

नवी तूर बाजारात आली की लातूर, उदगीर, अकोला, जळगाव पट्ट्यातल्या दालमिल दिवसरात्र चालू लागतात आणि हंगाम संपेपर्यंत पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो. नेमक्या याच काळात मिलमधला एअर कॉम्प्रेसर दुपारी दोनच्या सुमारास बंद पडतो. पॅनलवर ‘हाय टेम्परेचर’ दिसतं, सॉर्टेक्स थांबतं, हमाल बसून राहतात. मग कोणीतरी सांगतं, "कूलंट कमी झालं असेल, टाका दोन लिटर." दोन लिटर टाकलं जातं. मशीन दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रिप होतं आणि आठवड्याभरात सॉर्टेक्सच्या नळीतून तेलकट हवा यायला लागते.

म्हणून कूलंट किती टाकायचं हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. मिलवाले, जिनिंगवाले, छोटे कारखानदार आणि गॅरेजवाले अशा सगळ्यांच्याच कामाचा आहे म्हणून जरा सविस्तर बघू.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये ज्याला ‘कूलंट’ म्हणतात ते खरं तर तेल असतं. ते थंड करण्याचं काम करतं म्हणून काही कंपन्या डब्यावरच कूलंट असं छापतात. गाडीच्या रेडिएटरमध्ये टाकतो ते हिरवं-लाल कूलंट वेगळं. ते पाण्यात मिसळायचं असतं, कॉम्प्रेसरच्या तेलाच्या टाकीत ते चुकूनही जाता कामा नये. हे सांगायचं कारण म्हणजे बोअरवेलच्या गाडीवर किंवा खडी क्रशरवर डिझेल इंजिनवाला कॉम्प्रेसर असतो. तिथे दोन्ही असतात, इंजिनच्या रेडिएटरला पाण्यातलं कूलंट आणि कॉम्प्रेसरला तेल. दोन झाकणं, दोन डबे, आणि दोघांनाही बोलताना ‘कूलंट’च म्हणायचं. नवीन पोरगा कामावर असेल तर झाकणांवर रंगाने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेलं बरं.

तेल आत काय करतं?

स्क्रू कॉम्प्रेसरच्या पोटात दोन पिळाचे रोटर एकमेकांत फिरतात आणि हवा दाबतात. हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं तोंड गरम लागतं तसंच, फक्त कितीतरी पटीने जास्त. मोटरने खाल्लेल्या विजेचा मोठा भाग शेवटी उष्णताच होतो आणि ती उष्णता बाहेर न्यायचं मुख्य काम या तेलाचं असतं. शिवाय रोटरमधल्या बारीक फटी तेलाने भरून निघतात, नाहीतर दाबलेली हवा मागे पळाली असती. बेअरिंगला वंगणही तेच देतं.

हे तेल हवेबरोबर रोटरमधून बाहेर पडतं आणि टाकीत येतं. तिथे हवा गोल फिरते, जड थेंब खाली बसतात, उरलेला बारीक धुरळा सेपरेटर नावाची जाळी पकडते. खाली बसलेलं तेल कूलर आणि फिल्टरमधून पुन्हा रोटरकडे जातं. पंप नसला तरी चालतं, कारण टाकीतला हवेचा दाबच तेलाला ढकलतो. म्हणजे टाकीत तेल लागतं तसं तेलाच्या वर मोकळी जागाही लागते. ही मोकळी जागा कोणी मोजत नाही, आणि जास्त तेलाचा त्रास तिथूनच सुरू होतो.

तेल कमी असेल तर तेवढंच तेल जास्त फेऱ्या मारतं, तापतं, पातळ होतं. चालू मशीनमध्ये तेल मिसळलेल्या हवेचं तापमान साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअस असतं. 105 ते 110 च्या आसपास बहुतेक मशीन स्वतःहून बंद पडतात. हे बंद पडणं म्हणजे मशीनने स्वतःला वाचवणं आहे. काही ठिकाणी हंगामाच्या घाईत टेम्परेचरचा स्विचच बायपास करून ठेवतात. हा शुद्ध वेडेपणा आहे. तापलेलं तेल, दाबाखालची हवा आणि सेपरेटरची जाळी एकत्र असली की आग लागू शकते, आणि ती बंद टाकीच्या आत लागते.

तेल जास्त असेल तर टाकीतली मोकळी जागा कमी होते. थेंबांना खाली बसायला वाव राहत नाही, सेपरेटर भिजून जातो आणि तेल हवेबरोबर पुढे निघतं. दालमिलमध्ये याचा फटका थेट दिसतो. सॉर्टेक्स काळा-डागी दाणा हवेच्या फुंकरीने उडवतं, त्या फुंकरीचे व्हॉल्व्ह अगदी नाजूक असतात. त्यात तेल आणि धूळ मिळून चिकट थर बसला की दाणे चुकायला लागतात. त्यातून तेलाचा अंश खाण्याच्या मालावर जातो ते वेगळंच. खाद्यपदार्थांच्या कामासाठी फूड ग्रेड तेल मिळतं. आपल्या मशीनला ते चालतं का हे विक्रेत्याला विचारून घ्या, पण ते टाकलं म्हणून लेव्हल कशीही चालते असं नाही.

लेव्हल कधी बघायची?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मशीन चालू असताना बरंच तेल कूलर, पाइप आणि रोटरमध्ये फिरत असतं, त्यामुळे काचेत लेव्हल खाली दिसते. बंद केल्यावर त्यातलं काही टाकीत परत येतं आणि लेव्हल वर चढते. त्यामुळे एकाच तेलाची दोन लेव्हल दिसतात. काही कंपन्या म्हणतात चालू लोडवर काच अर्धी दिसली पाहिजे, काही म्हणतात बंद करून थांबून बघा. आपल्या मशीनला कोणता नियम ते टाकीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. शेजारच्या मिलचा नियम आपल्या मशीनला लावू नका, एचपी सारखा असला तरी.

बंद करून बघायची असेल तर लगेच बघू नका. मशीन थांबल्यावर टाकीतला दाब झपकन सुटतो आणि सोड्याच्या बाटलीसारखा तेलाला फेस येतो. फेसामुळे काच भरलेली दिसते. दहा मिनिटं जाऊ द्या. मशीन समपातळीत उभं आहे ना तेही बघा, ट्रॉलीवरच्या कॉम्प्रेसरला तर हे हमखास लागू. आणि काच काळी पडून त्यावर तेलाची जुनी रेघ उमटली असेल तर ती रेघच लेव्हल समजून लोक फसतात. काच पुसून न दिसल्यास बदलून घ्या.

तेल बदलताना नेमकं किती?

पुस्तिकेत समजा 12 लिटर लिहिलं आहे. म्हणून मोजून 12 लिटर ओतलं तर बहुतेक वेळा ते जास्त होतं. कारण तेल काढताना सगळं निघत नाही. कूलर, पाइप, रोटरचा भाग यात जुनं तेल अडून राहतं. 12 लिटरचा आकडा कोऱ्या, कोरड्या मशीनचा असतो.

सोपी रीत अशी. मशीन थोडं चालवून तेल गरम करा, बंद करा, दाब पूर्ण शून्यावर आला की तेल काढा आणि काढलेलं तेल मापाच्या डब्यात मोजा. जुनी लेव्हल बरोबर होती याची खात्री असेल तर तेवढंच नवं टाकायचं. फिल्टर नवा बसवत असाल तर तो भरायला जे लागेल ते धरा. खात्री नसेल तर थोडं कमी टाका, दहा मिनिटं चालवा, बंद करा, थांबा, बघा आणि मग अर्धा-अर्धा लिटर करत खुणेपर्यंत आणा. वेळ जातो, पण जास्त झालेलं तेल काढण्यापेक्षा कमीच जातो.

झाकण उघडण्याची घाई मात्र अजिबात नको. आत सात-आठ बारचा दाब आणि नव्वद अंशाचं तेल असतं. मेन स्विच बंद, बाहेरच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद, गेजचा काटा शून्यावर, मगच झाकण हळूहळू सैल करायचं. फुसफुस आवाज आला तर तिथेच थांबायचं.

तेल जातं कुठे?

चांगल्या सेपरेटरनंतर हवेत दर घनमीटरला साधारण 3 मिलिग्रॅम तेल उरतं. आता हिशेब करा. 100 सीएफएमचा कॉम्प्रेसर, म्हणजे साधारण 25 एचपीचा, तासाला 170 घनमीटर हवा देतो. त्याबरोबर तासाला अर्धा ग्रॅम तेल जातं. 2000 तासांत, म्हणजे रोज बारा तास चालवून साडेपाच महिन्यांत, सव्वा लिटरच्या आसपास. एवढं टॉपअप लागणं ठीक. पण दर आठवड्याला लिटरभर लागत असेल तर तेल ओतणं हा उपाय नाही. कुठेतरी गळती आहे, सेपरेटर फाटला आहे किंवा सेपरेटरमध्ये साचलेलं तेल परत ओढणारी बारीक नळी चोंदली आहे. या नळीला बहुतेक मशीनवर छोटी काच असते. लोडवर तिच्यातून तेल पळताना दिसलं पाहिजे.

उलटंही होतं. तेल न टाकता लेव्हल वाढली तर आनंद मानू नका, ते पाणी आहे. पावसाळ्यात, किंवा मशीन थोडं थोडं चालून सारखं बंद होत असेल तर तेल पुरेसं तापत नाही आणि हवेतलं बाष्प टाकीतच पाणी होऊन बसतं. तेल ताकासारखं पांढरट दिसतं. रात्रभर बंद राहिलेल्या मशीनची खालची कॉक सकाळी सुरू करण्याआधी जराशी उघडा. आधी पाणी येईल, तेल दिसलं की बंद करा. मग लेव्हल बघा. पांढरट झालेलं तेल मात्र बदलावंच लागतं.

आता दुपारच्या ट्रिपकडे येऊ. लेव्हल खुणेत असेल तर तेलाला हात लावू नका, कूलर बघा. दालमिलमध्ये टरफल आणि पावडर, जिनिंगमध्ये कापसाचे तंतू कूलरच्या जाळीवर असे बसतात की गोधडी पांघरल्यासारखं होतं. आतल्या बाजूने हवा मारून ते साफ करा. मशीनची गरम हवा पत्र्याच्या शेडमध्येच फिरत असेल तर डक्ट लावून बाहेर काढा. बहुतेक मशीन 40 ते 45 अंशाच्या खोलीसाठीच बनवलेली असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात शेडमधलं तापमान तिथेच जाऊन टेकतं.

टॉपअप करताना तेच तेल टाका जे आत आहे. सिंथेटिकचे प्रकार वेगवेगळे असतात. काही मिनरल तेलात मिसळलं तर घट्ट गाळ होतो आणि फिल्टर चोंदतो. हंगामाआधी एक पाच लिटरचा डबा त्याच नावाचा आणून ठेवा, कारण रविवारी संध्याकाळी तालुक्याला मिळेल ते तेल आणलं की भेसळ होते. आणि काढलेलं जुनं तेल नाल्यात किंवा बांधावर नको. ते घातक कचऱ्यात मोडतं, परवानाधारक रिसायकलरलाच द्यायचं असतं.

गॅरेज आणि पंक्चरच्या दुकानातला पिस्टनचा कॉम्प्रेसर यापेक्षा सोपा. त्याच्या काचेवर बहुधा लाल ठिपका असतो, मशीन बंद असताना तेल त्या ठिपक्यापर्यंत. वर गेलं तर ते पिस्टनच्या रिंगांमधून हवेत येतं आणि टायरमध्ये जातं.