ओरॅकल, ब्लॉकचेनमधील

ब्लॉकचेनवरील स्मार्ट करारांना बाह्य जगातील माहिती पुरविणारी यंत्रणा. ठरलेली अट पूर्ण होताच मध्यस्थावाचून आपोआप अंमलात येणारा, आज्ञावलीच्या रूपातील करार म्हणजे स्मार्ट करार होय. ही कल्पना निक साबो यांनी १९९० नंतरच्या दशकात मांडली. २०१५ मध्ये इथेरियम ही ब्लॉकचेन सुरू झाल्यावर ती मोठ्या प्रमाणावर व्यवहारात उतरली. मात्र पाऊस किती पडला, विमान केव्हा उतरले, डॉलरचा भाव काय, यांपैकी काहीही अशा कराराला स्वतः जाणता येत नाही. ही उणीव ओरॅकलने भरून काढली जाते.

प्राचीन ग्रीसमध्ये डेल्फाय येथील अपोलोच्या मंदिरात पुजारिणीच्या मुखातून मिळणाऱ्या देववाणीस ‘ओरॅकल’ म्हणत. कोकणात व गोव्यात देवाला लावण्यात येणारा कौल काहीसा याच जातीचा. ॲलन ट्युरिंग यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात, यंत्राला स्वतः न सुटणाऱ्या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या काल्पनिक साधनास हे नाव दिले. ब्लॉकचेनच्या संदर्भात ते थोडे फसवेच आहे. कारण येथील ओरॅकल भविष्य वर्तवीत नाही, घडलेले कळविते.

करार थेट एखाद्या संकेतस्थळावरून माहिती का घेऊ शकत नाही, याचे कारण ब्लॉकचेनच्या रचनेतच आहे. तिच्यावरील प्रत्येक व्यवहार जाळ्यातील हजारो संगणक स्वतंत्रपणे पडताळून पाहतात व त्या सर्वांचे उत्तर तंतोतंत एकच यावे लागते. प्रत्येक संगणकाने त्या त्या क्षणी बाहेरून भाव विचारला, तर उत्तरे वेगवेगळी येतील आणि एकमत मोडेल. शिवाय काही वर्षांनी जाळ्यात येणारा नवा संगणक जुने व्यवहार पुन्हा तपासू लागेल, तेव्हा ते संकेतस्थळ कदाचित अस्तित्वातच नसेल. म्हणून बाह्य माहिती ओरॅकलच्या अंकीय स्वाक्षरीनिशी, एका व्यवहाराच्या रूपाने ब्लॉकचेनवर एकदाच नोंदविण्यात येते. पुढे सर्व संगणक तोच आकडा वाचतात.

कार्यपद्धती सामान्यतः अशी : कराराने केलेली मागणी ब्लॉकचेनवर नोंदली जाते, बाहेरचा एक संगणक त्या नोंदींवर लक्ष ठेवून असतो, तो माहिती मिळवितो व स्वाक्षरी करून परत पाठवितो. बाजारभावांसाठी मागणीची वाट पाहिली जात नाही. प्रत्येक नोंदीला शुल्क पडत असल्याने भाव ठरावीक टक्क्यांनी हलला किंवा ठरावीक काळ उलटला, की नवा आकडा लिहिला जातो.

खरी अडचण विश्वासाची आहे. स्वाक्षरी कोणाची हे ब्लॉकचेनला पडताळता येते, सांगितलेले खरे की खोटे हे नाही. एकाच ओरॅकलवर विसंबले, तर जो मध्यस्थ टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला तोच मागील दाराने परत येतो. यावर उपाय म्हणून अनेक स्वतंत्र ओरॅकलांची उत्तरे घेऊन त्यांतील मध्यक स्वीकारतात. उदा., १००, १०१, १०१, १०२ व ५,००० अशी पाच उत्तरे आली, तर त्यांची सरासरी सुमारे १,०८१ भरते. मध्यक मात्र १०१ च राहतो. २०१९ मध्ये इथेरियमवर कार्यान्वित झालेले चेनलिंक हे जाळे या तत्त्वावर चालते. ऑगर या २०१८ मध्ये सुरू झालेल्या योजनेत घटनेचा निकाल माणसेच नोंदवीत व त्यासाठी अनामत ठेवीत. अखेर खोटा ठरणारा निकाल देणाऱ्यास ती गमवावी लागे.

या उपायांनंतरही धोका उरतो. जून २०१९ मध्ये सिंथेटिक्स या योजनेत कोरियन वॉनचा चुकीचा, प्रत्यक्षाहून कित्येक पट मोठा भाव नोंदला गेला आणि एका स्वयंचलित आज्ञावलीने त्याचा लाभ उठविला. पुढे बक्षिसाच्या मोबदल्यात ते व्यवहार मागे घेण्यात आले. नोव्हेंबर २०२० मधील कंपाउंड या कर्जयोजनेतील प्रकार अधिक बोधक आहे. एक डॉलर किमतीचे मानले जाणारे डाय हे चलन कॉइनबेस या बाजारात काही काळ १.३० डॉलरपर्यंत चढले. ओरॅकलने तो भाव जसाच्या तसा कळविला. परिणामी कर्जदारांचे सुमारे ९ कोटी डॉलरचे तारण विकले गेले. येथे ओरॅकल खोटे बोलले नव्हते. एकाच बाजाराचे खरे सांगणे पुरेसे ठरले नाही, एवढेच. याउलट मे २०२२ मध्ये लूना हे चलन कोसळले, तेव्हा भावनोंदीस घातलेल्या किमान मर्यादेमुळे आकडा सुमारे दहा सेंटवर अडकून राहिला आणि व्हीनस या योजनेस सुमारे १.१ कोटी डॉलरची तूट आली.

भावांव्यतिरिक्त विम्यातही ओरॅकलांचा वापर झाला आहे. फ्रान्समधील ॲक्सा या विमा कंपनीने सप्टेंबर २०१७ मध्ये पॅरिस–अमेरिका विमानप्रवासासाठी ‘फिझी’ ही योजना काढली. विमानास दोन तासांहून अधिक उशीर झाला, की उड्डाणांच्या माहितीसाठ्यावरून ते कराराला कळे व प्रवाशाने दावा न करताच भरपाई देय ठरे. ही योजना २०१९ मध्ये बंद करण्यात आली. विमानाचा उशीर मिनिटांत मोजता येतो; माल कराराप्रमाणे चांगला होता काय, यासारख्या प्रश्नांचे उत्तर मात्र आजही एखाद्या परीक्षकाकडूनच घ्यावे लागते आणि त्याचा अभिप्राय ओरॅकल केवळ पोहोचवू शकते.