पूल पाडला, टँकर राहिला

पुण्याच्या विद्यापीठ चौकातल्या दुमजली उड्डाणपुलाची एक बाजू २०२५ च्या ऑगस्टमध्ये वाहतुकीला खुली झाली. सगळे खूश. मला मात्र तिथला जुना पूल आठवत राहिला. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं त्याच्याशी जमेना म्हणून २०२० च्या जुलैत तो पाडला. जेमतेम दीड दशकाचं आयुष्य बिचाऱ्याचं.

पुण्याच्या रस्त्यांचा आणि पाण्याचा मागोवा घ्यायचा तर कात्रजच्या पेशवेकालीन नळापासून सुरुवात करायची, मग १८७९ चं खडकवासला धरण, मग १९६१ ला फुटलेलं पानशेत, अशी आपल्याकडे रीत आहे. ते सगळ्यांना पाठ आहे. नव्वदचं दशकही मी सोडून देतो. माझं भांडण २००५ ते २०१५ या वर्षांशी आहे. तो जुना पूलही त्याच काळातला.

२००५ च्या डिसेंबरात केंद्राची जेएनएनयूआरएम ही शहर-नूतनीकरणाची योजना आली आणि महापालिकेला एकदम मोठा पैसा दिसू लागला. वर्षभरात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका असलेली जलद बससेवा, धावू लागली. देशातली पहिली म्हणून केवढा गाजावाजा! मी तेव्हा धनकवडीत राहायचो. बसथांबे रस्त्याच्या मधोमध, आणि तिथवर जायचं तर भरधाव गाड्यांच्या रांगांमधून. झेब्रा पट्टे पहिल्याच पावसात पुसट. दुभाजकाच्या जाळीतले दोन गज कुणीतरी वाकवून ठेवले होते. त्या फटीतून आधी दप्तर, मग पोरगं, मग पदर खोचून त्याची आई, अशी माणसं पलीकडे जायची. चौकात पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नलचे सेकंद वाढवा, असं एका बैठकीत मी म्हटलं, तेव्हा चौक सिग्नलमुक्त करायचं चाललंय आणि हे गृहस्थ सिग्नल मागतायत, असं म्हणून एका साहेबांनी सभागृह हसवलं होतं. मला ते हसू अजून ऐकू येतं. चौक काही सिग्नलमुक्त झाले नाहीत. बीआरटीच्या मार्गिका मात्र हळूहळू मोटारींनी गिळल्या. दोष योजनेचा, असं ठरलं. चालणाऱ्याला हिशेबात धरलंच नव्हतं, हे कुणी बोललं नाही.

पाण्याचा हिशेबही त्याच टेबलावर, त्याच पेनाने मांडलेला. २००१ च्या जनगणनेत पंचवीस लाखांचं शहर २०११ ला एकतीस लाखांवर गेलं. धरणं तीच चार: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. काठोकाठ भरली तरी मिळून सुमारे २९ टीएमसी, आणि त्यावर दौंड-इंदापूरच्या शेतीचाही हक्क. तरी इमारतींना परवानग्या सुटतच होत्या. जलवाहिनी येईल तेव्हा येईल, तोवर टँकर आहेच! (टँकर कुणाचे, हा प्रश्न पुण्यात मोठ्याने विचारत नाहीत.) शेवटी बाणेर-बालेवाडीच्या बांधकामांचा विषय उच्च न्यायालयात गेला.

त्या दशकाची दोन्ही पापं एकाच वाहनात बसून रस्त्यावर आली. मागच्या वाल्व्हमधून धार सांडत, खेपा वाढवायच्या घाईत सिग्नल सुटायच्या आधीच पुढे सरकणारा टँकर. डाव्या अंगाला दुचाकी असली तर ड्रायव्हरला ती दिसत नाही. ओल्या डांबरावर तिचं चाक सरकलं की दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी.

पुढचं थोडक्यात सांगतो. २०१७ मध्ये चोवीस तास पाण्यासाठी महापालिकेने दोनशे कोटींचे रोखे काढले. त्याच वर्षी अकरा गावं शहरात आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. मध्ये २०१८ च्या सप्टेंबरात दांडेकर पुलाजवळ कालवा फुटून लोकांच्या घरांत पाणी शिरलं. भामा-आसखेडचं पाणी २०२१ च्या पहिल्याच दिवशी पूर्व भागाला मिळालं, हे कबूल करतो, चांगलं काम झालं. पण २०२५ च्या जानेवारीत शहरातल्याच नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे (गुलियन-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढले आणि संशयाची सुई पाण्याकडेच वळली. ही गावं खडकवासला धरणाच्या अगदी उशाशी आहेत. धरणातलं पाणी त्यांच्या दारावरून पर्वतीच्या जलकेंद्राकडे जातं.




दुमजली पुलाची एक बाजू खुली झाली तेव्हा उरलेली कामं चालूच होती. खाली, चौकात, पायी रस्ता ओलांडायला किती सेकंद देणार आहेत, ते एकदा विचारून आलो. अजून ठरायचं आहे म्हणाले.