नको-नकोचा खाऊ

"मावशी, आता तरी मळू?" भाचीने तिसऱ्यांदा विचारलं आणि मी तिसऱ्यांदा म्हटलं, "नको."

मी इंग्लंडला, डेव्हनमधल्या एक्झेटरला धाकट्या बहिणीकडे गेले होते. मे अखेरची शाळेची आठवडाभराची सुट्टी, बाहेर पाऊस, बहीण कामावर आणि ओट्याला लावलेल्या दोन स्टुलांवर पाच वर्षांची भाची आणि आठ वर्षांचा भाचा, दोघंही कोपरापर्यंत पिठात. डेव्हनमध्ये राहून पोरांना स्कोन करता येऊ नये म्हणजे मालवणात राहून घावन न यावं तसं, असं बहिणीचं मत. स्कोन म्हणजे चहाबरोबर खायचा, मुठीएवढा, वरून खरपूस आणि आतून भुसभुशीत असा एक प्रकार. पाव म्हणावा तर यीस्ट नाही, केक म्हणावा तर तेवढा गोड नाही. उच्चारही दोन, स्कोन आणि स्कॉन. आमच्या स्वयंपाकघरात भाऊ एक म्हणत होता, बहीण दुसरा, आणि त्यावरून एक चमचा खाली पडला होता.

पहिला घाणा वाया गेला होता, आणि त्यात चूक माझी. मी दहा मिनिटं फोनवर बोलत बसले आणि तेवढ्यात दोघांनी मिळून तो गोळा असा काही तिंबला की पुरणपोळीला शोभावा. भट्टीतून बाहेर आल्या त्या चकत्या. भाच्याने एक ताटलीवर आपटून पाहिली. ताटली वाजली, चकती तशीच.

म्हणून दुसऱ्या घाण्याला मी समोर उभी राहिले. दोन्ही वेळचं साहित्य तेच: २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ, ५५ ग्रॅम लोणी, २५ ग्रॅम साखर, चिमूट मीठ, मूठभर बेदाणे आणि सुमारे १५० मिलिलिटर दूध. एवढ्याच वस्तूंचा एकदा दगड होतो आणि एकदा कापूस. हे का, तेच मला त्या दुपारी मुलांइतकंच नव्याने कळत गेलं.

सुरुवात लोण्याची. आपण करंजीच्या पिठाला मोहन घालतो ते कडकडीत. स्कोनलाही मोहनच, पण फ्रिजमधून काढलेलं, थंडगार. लोण्याचे तुकडे पिठात टाकायचे आणि बोटांच्या टोकांनी चोळत, वर उचलत, खाली सोडत जायचं. तळवा लावायचा नाही. लोणी वितळू लागतं साधारण ३२ ते ३५ अंशांच्या आसपास, आणि तळव्याची ऊब तेवढ्यापर्यंत सहज जाते. बोटांची टोकं बहुधा जरा गार असतात. भाचीला हे काम फार आवडलं. पीठ वरून सोडताना ती त्याला "पाऊस" म्हणत होती. मध्येच लाडवासारखं वळायला निघाली, तेव्हा नको म्हणावं लागलं.

गारव्याचा एवढा हट्ट कशाला? मोहनाची कामं दोन. एक ठाऊक असतं: पिठाच्या कणांवर स्निग्धाचा लेप बसला की पाणी त्यांच्यापर्यंत पुरतं पोचत नाही. गव्हात ग्लायडिन आणि ग्लूटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. ती भिजली आणि वर मळली गेली की एकमेकांत गुंतून ग्लूटेनचं जाळं विणतात. पुरण पोटात घेऊन पोळी न फाटता लाटली जाते ती या जाळ्याच्या जिवावर. स्कोनला ते नको असतं. करंजी खुसखुशीत होते ती याच लेपामुळे, आणि आपल्या आज्या प्रथिनांची नावं न घेता हे शतकानुशतकं करत आल्या.

दुसरं काम थंड लोण्यालाच जमतं. वितळलेलं लोणी पिठात जिरून जातं. थंड लोण्याचे बारीक बारीक कण मात्र पिठात तसेच दडून राहतात. भट्टीत ते वितळले की त्यांच्या जागी पोकळ्या उरतात. आणि लोणी म्हणजे निव्वळ चरबी नव्हे, त्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं. आमच्या ५५ ग्रॅममध्ये नऊएक ग्रॅम. त्या सगळ्याची वाफ झाली तर तिला पंधराएक लिटर जागा लागेल! तेवढी सगळी अर्थातच होत नाही, पण जी होते ती त्या पोकळ्या रेटून उघडते. भाच्याने पंधरा लिटर म्हणजे किती असं विचारलं. सिंकखालची बादली दाखवली. तो बराच वेळ एकदा बादलीकडे आणि एकदा लोण्याच्या कागदाकडे पाहत राहिला.

आता पीठ. इथल्या प्रत्येक दुकानात मिळणाऱ्या या सेल्फ-रेझिंग पिठात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते. ही युक्ती ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सची, पेटंट १८४५ चं. त्याच्या जरा आधी, १८४३ मध्ये, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्यानं आपली बेकिंग पावडर बनवली होती. कारण घरातलं. त्याच्या बायकोला, एलिझाबेथला, यीस्ट सोसत नसे. तिला अंडीही चालत नसत, म्हणून त्याने १८३७ मध्ये अंड्याविना कस्टर्डची पावडर आधीच शोधून ठेवली होती. आपल्याकडे पाहुणे आले की फ्रूट कस्टर्डसाठी जो पिवळा डबा निघतो, त्याचा मूळपुरुष हाच. एका बाईच्या पोटाने मानलं नाही आणि दोन डबे जगभरच्या फडताळांत जाऊन बसले.

पावडरीत काय असतं? खाण्याचा सोडा आणि कोरडं आम्ल. दोघं शेजारी शेजारी गुपचूप असतात, ओल लागली की भांडण सुरू. मी गरम पाण्याच्या ग्लासात चमचाभर बेकिंग पावडर टाकली. फसफस वर आली आणि भाची स्टुलावरून उतरून दारापर्यंत पळाली. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. नुसत्या सोड्याचा हिशेब केला तर पाच ग्रॅमला पुरेसं आम्ल मिळाल्यावर सव्वा लिटरहून जास्त वायू सुटतो. म्हणूनच दूध घातल्यावर गप्पा मारत बसायचं नाही. पिठाचा फुगा तेव्हाच फुगायला लागलेला असतो.

बर्डने आम्ल म्हणून वापरलं टार्टारिक आम्ल. (आज बाजारात बऱ्याच पावडरींत फॉस्फेटं असतात.) हे नाव परकं वाटलं तरी चव परकी नाही, आपल्या आमटीतल्या चिंचेचा आंबटपणा मुख्यतः याचाच. युरोपला मात्र ते चिंचेतून नव्हे, द्राक्षातून मिळे. वाइनच्या पिंपांना आतून जी खरखरीत पुटं चढतात, ती खरवडून. म्हणजे फळाच्या स्कोनमध्ये द्राक्ष दोन वाटांनी येऊ शकतं, एकदा दाताखाली लागायला आणि एकदा कुणाला न दिसता पीठ उचलायला.

दूध ओतलं, सुरी फिरवून गोळा जेमतेम एकत्र आणला, बोटभर जाड थापला. ओबडधोबड दिसत होता. तसाच हवा. मग साचा. पत्र्याचा गोल साचा पिठात बुडवून सरळ खाली दाबायचा, सरळ वर उचलायचा. मुलांचा हात नेमका फिरवायलाच जातो, झाकण उघडल्यासारखा. फिरवलं की कडा चिकटून बंद होतात आणि स्कोन त्या बाजूला अडून वाकडा फुगतो. वरून लावलेलं दूध कडेवरून ओघळलं तरी तेच. भाच्याने एक मुद्दाम फिरवून कापला, खूण म्हणून त्यावर बेदाणा दाबला.

२२० अंश तापमान, बारा मिनिटं. दोघं भट्टीच्या काचेसमोर उकिडवी बसली. आत शर्यत चाललेली असते. वायू आणि वाफ स्कोनला वर ढकलतात, आणि त्याच वेळी पिठूळ भाग फुलून, प्रथिनं घट्ट होऊन भिंती उभ्या राहतात. भिंती उभ्या राहण्याआधी वायू निसटला तर सगळं खाली बसलं. म्हणून भट्टी आधीपासून कडक तापलेली हवी, आणि मधूनच दार उघडणं नको. चौथ्या-पाचव्या मिनिटाला स्कोन नजरेसमोर वर चढले. बेदाणा दाबलेला बरोबर एका बाजूला कलला. भाच्याला इतका आनंद कुठल्या खेळण्याने झालेला मी पाहिला नव्हता.

बेदाण्यांचं राहिलंच. ते मी तासगावचे नेले होते, यंदाच्या हंगामातले. बहिणीच्या डब्यात इथल्या दुकानातले सुल्ताना होते, तुर्कस्तानचे. दोन्ही शेजारी ठेवले. आमचे जरा हिरवट आणि लांबुडके, ते पिवळसर तपकिरी. बेदाणा हा शब्द फारसीतून आलेला: बे म्हणजे विना, दाणा म्हणजे बी. नावातच एक नको बसलेलं आहे. पण बी मुळातच नसते असं नाही. फुलात फलधारणा होते, बी धरायला लागते आणि थोड्याच दिवसांत तिची वाढ थांबते. ताजं द्राक्ष उभं चिरलं तर तिचा मऊ, पुसट ठिपका सापडतो.

आता खरी गंमत. बी नाही तर वेल वाढणार कशी? फांदी तोडून लावायची. मग त्या वेलाची फांदी, मग तिची. कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्पसनने १८७० च्या दशकात जी जात रुजवली आणि जी थॉम्पसन सीडलेस म्हणून आपल्या नाशिक-सांगलीत पसरली, ती आणि तुर्की सुल्ताना मुळात एकच. तासगावला निवडलेली तास-ए-गणेश ही थॉम्पसनचीच एक शाखा. म्हणजे त्या ओट्यावर शेजारी पडलेले दोन बेदाणे नातेवाईक नव्हते. हजारो मैलांवर वाढलेल्या, पण एकाच जुन्या वेलाच्या त्या दोन फांद्या होत्या. मधला फरक फांदीवरच्या एखाद्या डोळ्यात झालेल्या किंचित बदलाचा आणि सुकवण्याच्या रीतीचा.

सुकवण्याची रीतही बघण्यासारखी. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. सांगलीकडे द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत पसरतात. मेणातून वाट मोकळी होते आणि दोनेक आठवड्यांत बेदाणा तयार होतो. चारेक किलो द्राक्षांचा एक किलो. भूमध्य समुद्राकाठचे शेतकरी फार पूर्वीपासून यासाठी लाकडाची राख कालवलेलं पाणी आणि ऑलिव्हचं तेल वापरत आलेत. रसायन जवळपास तेच.

संध्याकाळी बहीण आली. डेव्हनच्या रीतीने आधी साय आणि वर जॅम. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, आणि दोन्हीकडचे लोक यावर हसतहसत पण मनापासून भांडतात. साय म्हणजे इथलं क्लॉटेड क्रीम, मंद आचेवर जमवलेली दाट साय. कॉर्नवॉलच्या क्रीमला त्या नावासाठी निदान ५५ टक्के स्निग्धांश लागतो. मी एक घास खाल्ला आणि मला आईच्या दुधाच्या पातेल्याची आठवण झाली. वाकडा स्कोन भाच्याने कुणाला दिला नाही.

भाची कुठे दिसेना म्हणून मागच्या दारी गेले. पाऊस थांबला होता. पुदिन्याच्या कुंडीत तिने बोटाने खड्डा केला होता, त्यात एक तासगावचा आणि एक तुर्कस्तानचा बेदाणा टाकून वर माती लोटत होती.

"मावशी, पाणी घालू?"

बी नाही, उगवणार नाही, हे मी तिला दुपारीच सांगितलं होतं.

"घाल," म्हटलं.